समेवरची खाली

आमच्या झाडीपट्टींत भाऊबीज झाली कीं मंडईचे दिवस सुरू होतात. धान कापून झालेलें असतें, कांहींचें खळ्यावर येऊन पडलेलें असतें, आणि एकेका गांवानें आपापला दिवस धरून मंडई भरवावी असा पूर्वापार क्रम आहे. दिवसा बाजार व दंडार, रात्रीं नाटक. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांबाहेरच्या वाचकांस सांगितलें पाहिजे कीं, येथील नाटक म्हणजे तीन तासांचा नागरी खेळ नव्हे. तें रात्रीं दहा-अकराला सुरू होतें आणि पहांटे कोंबडा आरवेपर्यंत चालतें. लोक घोंगड्या घेऊन येतात, तणसावर बसतात, आणि गद्य कितीही चांगलें असलें तरी मधून मधून गाणें नसेल तर खुशाल उठून जातात. वडसा, म्हणजे सरकारी दप्तरांतील देसाईगंज, हें या नाटकमंडळ्यांचें माहेर. याच रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां पुण्या-मुंबईच्या पुष्कळ मंडळींच्या कानांवर झाडीपट्टी हा शब्द प्रथमच पडला असावा.

आमचें गांव अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत आहे. ज्या वावरांत माझ्या लहानपणापासून नाटक होत आलें त्याचे आतां प्लॉट पडले. म्हणून मंडळीनें बोडीच्या पाळीखालचें मैदान घेतलें व तेथें सिमेंटचा पक्का रंगमंच बांधला. त्याचें निम्मे कर्ज फिटावयाचें होतें आणि तें पहिल्या रात्रीच्या तिकिटांतून फेडूं, असा सर्वांचा हिशेब होता.

आतां थोडें घरचें. माझ्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास इंजिनियर होते. गेल्या फाल्गुनांत त्यांनीं नोकरी सोडली आणि तिघां मित्रांसह एक बँड काढला. तेव्हांपासून बापलेकांचें संभाषण माझ्यामार्फत चालत असे. दोघेही एकाच माजघरांत बसून मला निरोप सांगत. असले तंटे मीं शाळेंत पुष्कळ मिटविले आहेत, पण त्या पक्षकारांचीं वयें दहा वर्षांचीं असत. या दिवाळीला मुलगा आला तो मित्रांना व वाद्यांना घेऊनच आला. येथून पुढें नागपुरास त्यांचा कार्यक्रम होता. हे लोक जें वाजवितात त्यास रेगे म्हणतात. आमच्या वहिनींना तें कोणाचें तरी आडनांव वाटलें, आणि तसें तें आहेही.

मंडईच्या रात्रीं दहा वाजले तरी नाटकमंडळीचा पडद्यांचा ट्रक आला नाहीं. वाटेंत बिघडला होता. तबलजी व ऑर्गनवाले तेवढे मोटारसायकलीवर पुढें येऊन पोंचले होते. मैदानांत हजारों माणसें, थंडी पडूं लागलेली, आणि "नाटक! नाटक!" असा गजर सुरू झालेला. अर्ध्या तासांत कांहीं उभें राहिलें नाहीं तर लोक पैसे परत मागणार हें स्पष्ट होतें. मंडळीचे अध्यक्ष धांवत माझ्याकडे आले. "गुरुजी, तुमचीं पोरं काय तें वाजवतात ना?"

मीं बंधूंकडे पाहिलें. ते पहिल्या रांगेंत खुर्चीवर बसले होते. "दादा, त्याला म्हणावें, लोकांचा वेळ जावयास हरकत नाहीं," एवढें बोलून त्यांनीं उपरणें कानांवरून ओढून घेतलें.

पहिलीं दहा मिनिटें वाईट गेलीं. गाणें इंग्रजी, त्यांतही जमैकाच्या वळणाचें. आणि आवाज एवढा कीं बोडीच्या पाण्यावरून तो उलट येई व सर्वच गोंधळ होई. मागून शिट्या आल्या. पोरांनीं कधीं एवढी माणसें पाहिलेलीं नव्हतीं. त्यांचा श्रोतृवर्ग म्हणजे हॉटेलांत जेवणारीं साठ-सत्तर माणसें. माझा पुतण्या चार जाड तारांची बास गिटार वाजवितो. त्याचा चेहरा मला ओळखीचा होता. स्नेहसंमेलनांत भाषण विसरलेल्या मुलाचा असतो तोच. मग त्यानें मागें वळून कांहीं सांगितलें, आवाज कमी झाला, गाणें थांबलें, आणि नुसती लय सुरू झाली.

येथें मला विषय सोडून थोडें बोलूं द्यावें. पुतण्यानें मला या संगीताची माहिती आदल्या दिवशीं सांगितली होती. हें जमैका बेटांतील किंग्स्टन शहरच्या गरीब वस्त्यांतून १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निघालें. १९६८ सालच्या एका गाण्याच्या नांवांत हा शब्द प्रथम आला. बॉब मार्ली हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध गायक १९८१ मध्यें अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं वारला. २०१८ सालीं युनेस्कोनें रेगेला मानवी वारशाच्या यादींत घातलें. त्या बेटावर १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारें छत्तीस हजार हिंदी मजूर उंसाच्या मळ्यांवर करारानें नेलेले होते. तेथें गांजाला गांजाच म्हणतात, आणि तो शब्द याच मजुरांबरोबर गेला. (ही निर्यात फारशी भूषणावह नाहीं, आणि बंधूंच्या रागाचें एक कारणही तेंच होतें. मुलें मात्र चहापलीकडे कांहीं घेत नाहींत, याची मीं खात्री करून घेतली आहे.)

मार्लीची एक हकीकत माझ्या मनांत राहिली. १९८० च्या एप्रिलांत झिंबाब्वे स्वतंत्र झाला त्या रात्रीं तो तेथील रुफारो क्रीडांगणांत गायला. बाहेर राहिलेला जमाव आंत घुसूं लागला, पोलिसांनीं अश्रुधूर सोडला, तो रंगमंचापर्यंत आला आणि गाणें थांबवावें लागलें. दुसऱ्या दिवशीं तो सामान्य लोकांसाठीं पुन्हा गायला. नव्या जागीं प्रथम वाजविणाराचें काम केव्हांही सोपें नसतें.

परंतु मला खरें नवल वाटलें तें लयीचें. आपला तबलजी सारा जोर समेवर देतो. श्रोते मान हलवितात ती समेवर. या संगीतांत चार मात्रांपैकीं पहिली मात्रा पुष्कळ वेळां मोकळी सोडतात, ढोलाचा घाव तिसरीवर पडतो, आणि गिटारीचा तुटक आघात दुसरीवर व चवथीवर. शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत आपल्याच देवगिरीस बसून संगीतरत्नाकर लिहिला. त्यांत तालाचे सम, अतीत आणि अनागत असे ग्रह सांगितले आहेत: गीत व ताल एकदम उठले तर सम, मागेंपुढें उठले तर इतर दोन. जमैकाचीं मुलें शार्ङ्गदेव वाचावयास गेलीं नव्हतीं हें उघड आहे. "आमचेंच सारें जगानें नेलें" असें म्हणण्याची आपल्याकडे जी खोड आहे तिचा मला कंटाळा आहे. पण एकच गोष्ट दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें सुचली, यांतही आनंद आहेच.

मीं हें शेजारीं उभ्या असलेल्या तबलजींस सांगूं लागलों. ते साठीचे गृहस्थ, शाळा चवथीपर्यंत. माझें संस्कृत त्यांनीं अर्ध्यावरच तोडलें. "यात का नवल हाय, गुरुजी? रूपकात बी समेवरच खाली हाय ना!" आणि डग्गा उचलून ते मंचावर चढले. खरेंच, सात मात्रांच्या रूपकांत सम हीच खाली. चाळीस वर्षें संगीताची पुस्तकें वाचून मला जें सुचलें नाहीं तें त्यांच्या हाताला ठाऊक होतें.

त्यांनीं दोन आवर्तनें नुसती मान हलवून ऐकली, मग केरवा धरला, पण पहिली मात्रा गिळून. मुलांचा ढोलवाला हंसला आणि त्यानें जागा करून दिली. ऑर्गनवाल्यांनीं मंडईंत सर्वांना पाठ असलेली एक चाल काढली. ती त्या आडव्या लयीवर अशी बसली कीं तणसावरच्या बायांनीं टाळ्या धरल्या. टाळ्या अर्थात् समेवरच पडत होत्या. मोकळी सोडलेली जागा चार हजार हातांनीं भरून काढली, आणि त्यामुळें तें रेगे राहिलें कीं नाहीं हें मला सांगतां येणार नाहीं. मुलांना मात्र त्याचें दुःख झालेलें दिसलें नाहीं. पाऊण तास हें चाललें. पावणेबाराला ट्रकाचे दिवे पाळीवर दिसले. एकानेंही पैसे परत मागितले नाहींत.

नाटक सहाला संपलें. घरीं येऊन चूळ भरून आम्ही चहाला बसलों. पोरें रात्रभर जागून नाटक पाहात बसलीं होतीं. नायिकेच्या मृत्यूला त्यांतील एकजण रडलाही, असें ऐकतों. बंधूंनीं बशींत चहा ओतला, फुंकर घातली, आणि माझ्याकडे न पाहतां म्हणाले, "तें जाड तारांचें वाद्य खांद्याला फार जड होत असेल, नाहीं?"

मीं निरोप पोंचविण्यासाठीं तोंड उघडलें, तोंच पुतण्या म्हणाला, "चार किलो आहे, बाबा. संवय होते."

नोकरीचा विषय अद्याप निघालेला नाहीं. दुपारीं मुलें नागपुरास गेलीं. तबलजींनीं त्यांचा फोन नंबर घेतला आहे, आणि रूपकांत रेगे बसतो का हें त्यांना पाहावयाचें आहे. सातांची चाराशीं गांठ कशी पडणार हें मला दिसत नाहीं; पण मीं तसें त्यांना सांगितलें नाहीं.