चाचांचे कान

चाचांना उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नसे, डाव्याने थोडंफार. तरुणपणी मुंबईच्या गोदीत ते जहाजांच्या पत्र्यावरचा गंज ठोकून काढायचे. लोखंडी टाकीत बसून दिवसभर हातोडी, कानात फार तर कापसाचा बोळा. पुढे बरीच वर्षं इंजिनरूममध्ये गेली. मांडव्याच्या बाजूला त्यांनी स्पीडबोटींच्या दुरुस्तीचं काम धरलं, तेव्हा त्यांना कोणाचे तरी कान हवे होते आणि मला काम हवं होतं. माझ्या हातात आज जी विद्या आहे, ती सगळी त्या गरजेतून आली.

मी रेवसच्या कोळीवाड्यातला. घरच्या होडीत इंजिनापासून सरळ मागे शाफ्ट जायचा आणि टोकाला पंखा फिरायचा. काय बिघडलं ते डोळ्यांना दिसायचं. स्पीडबोटीचा स्टर्नड्राइव्ह वेगळा. इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला लागून; भिंतीबाहेर ॲल्युमिनियमचा लेग. इंजिनाची ताकद भिंतीतून आडवी बाहेर येते, लेगच्या वरच्या गिअरांवर काटकोनात खाली वळते, तळाशी पुन्हा काटकोनात वळून पंख्याला मिळते. शिवाय अख्खा लेग डावीउजवीकडे वळतो, कारण सुकाणूही तोच, आणि उथळ पाण्यात वर उचलता येतो. व्होल्वो पेंटाने 1959 साली ‘ॲक्वामॅटिक’ या नावाने ही रचना बाजारात आणली. मूळ कल्पना जिम विन या अमेरिकी इंजिनिअरची. फिरता शाफ्ट पाण्याच्या तोंडाशी वाकवायचा आणि तरी थेंब आत येऊ द्यायचा नाही, हे ज्याला सुचलं त्याच्याबद्दल चाचा फार आदराने बोलत. मात्र लगेच पुढे म्हणत, ‘‘जिथे वाकतं, तिथेच झिजतं.’’

त्या वाकण्याच्या जागी दोन क्रॉस, म्हणजे शाफ्टचे वळते सांधे, त्यांच्या पुढे शाफ्टला आधार देणारं गिंबल बेअरिंग, आणि क्रॉसवर चढवलेला घड्याघड्यांचा रबरी बेलो. बोट पाण्यात उभी राहिली की बेलोच्या घड्यांत शंखशिंपले धरतात. लेग वळला की त्यांच्या धारेने रबर कापतं. खारं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, मग बेअरिंग गंजतं, क्रॉस सुकतात. बाहेरून काही कळत नाही. कळतो तो फक्त आवाज, आणि तोच चाचांना ऐकू येत नव्हता.

मी आत इंजिनापाशी बसायचो, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिंबलच्या घराला आणि मूठ कानाला. चाचा भिंतीवर तळहात टेकून उभे. बोट खाडीत हळू चालायची.

‘‘काय येतंय?’’

‘‘आवाज येतोय, चाचा.’’

‘‘आवाज मला नको. कसा, ते सांग. सुकाणू सरळ असताना येतो की वळवल्यावर? रेस दिली की वाढतो की मरतो?’’

सरळ चालतानाही गुरगुर, आणि रेसबरोबर ती चढते: गिंबल बेअरिंग. पूर्ण वळवल्यावर टकटक, सरळ केल्यावर बंद: क्रॉस. न्यूट्रलला खडखड, रेस दिली की गप्प: इंजिनाच्या कपलरमधले स्प्लाइनचे दात. मी मोघम शब्द वापरला तर ते पुन्हा ऐकायला लावत. तळहाताला जे लागलं ते माझ्या शब्दाशी जुळलं, तरच पाना हातात घ्यायचे. नीट ऐकू येणाऱ्या माणसाने कदाचित मला इतका वेळ दिला नसता. त्याने स्वतःच ऐकून काम उरकलं असतं.

जे ऐकून कळत नाही, ते बघायला आणि चाचपायला त्यांनीच लावलं. बोट वर घेतली की लेग दोन्ही हातांनी हलवायचे आणि मला आत सुकाणूचा दांडा बघायला बसवायचे: लेग हलतो पण दांडा हलत नाही, म्हणजे मधली खुंटी झिजली. गिअर ऑइल काढल्यावर आधी रंग. दुधाच्या चहासारखं झालं असेल, तर कुठल्या तरी सीलमधून पाणी शिरलंय. मग प्लगचं चुंबक: करडी बारीक भुकटी चालते, बोटाला टोचणारा कीस चालत नाही. सील बदलायच्या आधी शाफ्टवरून नख फिरवायचं. नख अडकलं, तर जुन्या सीलने तिथे खाच पाडली आहे आणि नवीन सील त्याच जागी बसवून उपयोग नाही.

एक बोट दर हंगामाला गिंबल बेअरिंग खायची. दुसऱ्या एका वर्कशॉपने पुन्हापुन्हा नवं घातलं होतं. मालक नवं बेअरिंग घेऊनच आमच्याकडे आला. चाचांनी लेग उतरवला आणि बेअरिंगकडे न बघता अलाइनमेंट बार मागितला. हा दांडा गिंबलमधून कपलरच्या दातांत दोन बोटांच्या जोराने सरकायला हवा. तो अडला. टोकाला ग्रीस लावून पुन्हा घातला. बाहेर आला तेव्हा दातांची खूण फक्त वरच्या बाजूला. इंजिन रेषेत नव्हतं. पुढचे माउंट बोल्टवर थोडे वर घेतले की पुष्कळदा भागतं, पण चाचांनी हातोडीच्या दांड्याने माउंटखालचं फायबर ठोकलं आणि मला विचारलं, ‘‘कसा येतो?’’ इतर ठिकाणी टणटणीत, माउंटखाली भद्द. फायबरच्या आतलं लाकूड कुजून इंजिन खाली बसत होतं. मालक रागावला, सुट्टीचे दिवस, पाहुणे येणार होते. चाचा म्हणाले, लाकूड बदलेपर्यंत मी बेअरिंग घालत नाही. लाकूड बदललं गेलं. मग बेअरिंगच्या रिंगेची फट ग्रीसच्या भोकासमोर धरून त्यांनी ते माझ्याकडून बसवून घेतलं, आणि मालकाला म्हणाले, ‘‘रोग या पोराने ऐकला.’’

त्या मजुरीत त्यांनी मला अर्धा वाटा दिला. मी नको म्हटलं. ‘‘कान तुझे होते,’’ म्हणाले. आमच्या धंद्यात शिकाऊ पोराला चहा आणि शिव्या मिळतात. काम त्याचं असलं तरी नाव उस्तादाचं. चाचांनी मला नाव दिलं, तेही माझा हात अजून कच्चा असताना. पुढे गिऱ्हाइकं माझ्याकडे आली ती त्या नावावर. हे मी फेडू शकत नाही, आणि फेडावं असं त्यांनी कधी सुचवलंही नाही.

आता ते श्रीवर्धनकडे गावी असतात. पावसाळ्यात बोटी वर चढल्या की मी एखादा झिजलेला भाग घेऊन त्यांच्याकडे जातो. गेल्या खेपेला एक इनपुट शाफ्ट नेला होता. त्यांनी स्प्लाइनवरून नख फिरवलं, तांबूस भुकटी बोटावर घेतली आणि मोठ्याने म्हणाले, ‘‘इंजिन खाली बसलंय.’’

‘‘नाही, चाचा. बार दोन बोटांनी गेला. लाकूड टणटणीत आहे. न्यूट्रलला खडखड, रेसवर गप्प, सुकाणूने काही फरक नाही.’’

त्यांनी पुन्हा एकेक दात चाचपला. ‘‘टोकाला जास्त नाही, लांबीभर सारखी झीज आहे. ग्रीसच नव्हतं केलं कोणी,’’ म्हणाले. ‘‘तुझं बरोबर. कपलर बदललास?’’

‘‘कपलर आणि शाफ्ट, दोन्ही.’’

‘‘घेतलेस किती?’’

मी आकडा सांगितला.

‘‘कमी घेतलेस,’’ चाचा म्हणाले, आणि कुठल्या कामाला किती वेळ जातो याचा हिशोब मला पहिल्यापासून समजावायला लागले.