‘झपाटलेला २’ मुलांना दाखवायचा का?



सुट्टी लागली की आपल्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: मुलांना दाखवता येईल असा एखादा मराठी भुताचा सिनेमा सुचवा. मागच्या आठवड्यात पुन्हा आला आणि चार-पाच जणांनी ‘झपाटलेला २’चं नाव घेतलं. आमच्याकडे दुबईत तो दोनदा बघून झालाय. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी आठ. म्हणून जरा सविस्तर लिहिते. सीए असल्यामुळे जमा आणि नावे दोन्ही बाजू मांडायची सवय आहे, पण या सिनेमाचा ताळेबंद काही केल्या जुळत नाही, हे आधीच सांगते.

ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला ‘झपाटलेला’ १९९३चा, महेश कोठारेंचा. तात्या विंचू नावाचा गुंड मरता मरता मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो आणि परत माणूस होण्यासाठी लक्ष्याच्या मागे लागतो. (१९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’मधला चकी मुलांना माहीत असेल तर ती लगेच ओळखतात.) दुसरा भाग तब्बल वीस वर्षांनी, २०१३मध्ये आला. मधे २००४मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे गेले होते. त्यामुळे तात्या आता लक्ष्याच्या मुलाच्या, म्हणजे आदिनाथ कोठारेच्या मागे. वडिलांचं देणं मुलाच्या डोक्यावर! आपल्याकडे वारसावर देणं येतं ते मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. इथे बिचाऱ्याला मालमत्ता शून्य, देणं पूर्ण. हे मी सिनेमा चालू असताना बोलले, तर नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

जमेची बाजू एकच, पण भक्कम. दिलीप प्रभावळकरांचा आवाज. तो कर्कश, चिडका, गावठी खलनायकी आवाज ऐकला की मुलं मोबाइल खाली ठेवतात. ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले बापू आणि हा तात्या विंचू एकच माणूस आहे, हे सांगितल्यावर माझा मुलगा पाच मिनिटं विश्वास ठेवायला तयार नव्हता. त्या आवाजामुळे आमच्या घरात जेवढं मराठी बोललं गेलं तेवढं माझ्या ‘मराठीत बोल रे’मुळे कधी बोललं गेलं नाही. शाळेत हिंदी आहे, मराठी नाही, तुम्हाला माहीतच आहे. सांगलीच्या आज्जीला व्हिडिओ कॉलवर आता ‘हाय आज्जी’च्या आधी ‘ओम फट् स्वाहा’ ऐकू येतं. तिला चालतं. उलट तीच जास्त जोरात ओरडते.

नावे बाजू मोठी आहे. मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा म्हणून केवढा गाजावाजा झाला होता, पण थ्रीडीची जादू थिएटरमध्ये. घरच्या टीव्हीवर अंगावर येणाऱ्या वस्तू नुसत्या कॅमेऱ्याजवळ येऊन थांबतात आणि मुलं विचारतात, हे असं का करतायत? सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर, दोघी चांगल्या अभिनेत्री, पण दोघींना मिळून एकीपुरतंही काम नाही. गाणी आली की कथा बाजूला उभी राहते. विनोद बराचसा मकरंद अनासपुरेंवर टाकलाय आणि ते जमेल तेवढं ओढून नेतात.

पण खरी उणीव यातली एकही नाही. पहिला भाग मी कॉलेजात जायच्या आधी पाहिला होता. आता मुलांबरोबर परत पाहिला तेव्हा लक्षात आलं, त्यात भीती बाहुल्याची नाहीच. लक्ष्या जीव तोडून सांगतोय की हे मी नाही केलं, हा बाहुला जिवंत आहे, आणि कोणी ऐकत नाही. आपण हसतो कारण बेर्डे ते तसं करतात, पण पोटात गोळाही येतो. दुसऱ्या भागात तात्या विंचू कोण ते सगळ्यांना आधीच ठाऊक. मग उरते ती पळापळ. सगळा सिनेमा आपल्या मनातल्या लक्ष्याच्या गुडविलवर उभा आहे. आपल्याकडे ते आहे. मुलांच्या खात्यात कुठून असणार?

म्हणूनच आमच्याकडे दुसरा भाग पाहून मुलगी खिदळली आणि पहिला भाग पाहून गप्प बसली. रात्री पांघरुणात शिरून म्हणाली, “आई, मी असं काही सांगितलं तर तू विश्वास ठेवशील?” मी म्हटलं, ठेवीन, सांग. तर निघालं वेगळंच. शाळेच्या बसमध्ये दोन मोठी मुलं रोज तिचा डबा लपवायची आणि तिने बसमधल्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणायच्या, तूच विसरली असशील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टॉपवर गेले, बाईंशी बोलले, मग शाळेला ईमेल केली. तिची जागा आता पुढे आहे आणि डबा रिकामा होऊन घरी येतो.

तेव्हा बघणार असाल तर क्रम चुकवू नका. आधी पहिला, मग दुसरा. लागोपाठ दोन्ही नको, मधे एक-दोन दिवस जाऊ द्या, म्हणजे मुलं आपापसात तात्याची नक्कल करतील, प्रश्न विचारतील. पहिल्याच्या वेळी शेजारी बसा, दुसऱ्याच्या वेळी स्वयंपाक केलात तरी चालेल. गाणी बिनधास्त पुढे ढकला. सबटायटल्स असली तरी बंद ठेवा, तात्याच्या शिव्याशापांचं इंग्रजी अगदीच मिळमिळीत लागतं. आणि घरात डोळे मिटणारी एखादी बाहुली असेल तर ती दोन दिवस कपाटात राहू दे. आमची अजून तिथेच आहे.