धूर लागलेली बीअर

परदेशातून भारतात येताना माणशी 2 लिटर दारू जकात न भरता आणता येते. जर्मनीत बीअरची बाटली अर्ध्या लिटरची, म्हणजे हिशेबाने चार बाटल्या. कामासाठी तीन महिने न्यूर्नबर्गला होतो, त्यातले बरेचसे शनिवार या चार बाटल्या कुठल्या न्यायच्या हे ठरवण्यात गेले. निघताना बाबा म्हणाले होते, "इथं मिळत नाही असं काहीतरी आण." पुण्यात आता काय मिळत नाही! गव्हाची बीअर मिळते, कॉफीची मिळते, आंब्याच्या दिवसांत आंब्याचीसुद्धा मिळते.

ऑफिसातल्या सहकाऱ्याला विचारलं, तर त्यानं एकच शब्द उच्चारला. बाम्बेर्ग.

न्यूर्नबर्गहून बाम्बेर्ग साठेक किलोमीटर, आगगाडीनं पाऊण तासाच्या आसपास. रेग्निट्झ नदीच्या मधोमध, पुलावर बांधलेलं नगरभवन, वर टेकडीवर कॅथेड्रल, आणि सगळं जुनं गाव 1993 पासून युनेस्कोच्या यादीत. ते सगळं मी पाहिलं, फोटोही काढले. पण त्या गल्ल्यांत नाकाला जो वास येतो तो फोटोत येत नाही. लाकूड जळाल्याचा वास.

श्लेन्केर्ला नावाच्या खानावळीत शिरलो. काळं पडलेलं तुळयांचं छत, लांबच लांब बाकं, अनोळखी माणसांना खेटून बसायचं. या जागेचा पहिला लेखी उल्लेख 1405 सालचा. बीअर लाकडी पिपातून थेट पेल्यात येते, काळसर तांबडी. पेला तोंडाजवळ नेला आणि हात थांबला. हा वास मला माहीत होता. साताऱ्याकडे आजीच्या घरी चुलीत ओलं सरपण असलं की दुधाला धूर लागायचा. पाहुण्यांच्या चहाला ते दूध आजी कधी वापरायची नाही, पण टाकायचीही नाही. आम्हा नातवंडांच्या पेल्यात यायचं. आमच्या घरी जो दोष होता, त्यावर इथं सहाशे वर्षं दुकान चाललंय!

हा धूर येतो कुठून ते सांगतो. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो आणि वाळवतो. बीअरसाठी तेच जवाचं करतात. त्याला माल्ट म्हणतात. ओले मोड उन्हात नाहीतर जाळावर वाळवायचे. जाळावर वाळवले की धूर लागणारच, त्यामुळे एके काळी धुरकट बीअर ही काही खासियत नव्हती, बीअर बरीचशी तशीच असायची. पुढे नुसत्या गरम हवेनं वाळवणाऱ्या भट्ट्या आल्या आणि जगातला धूर गेला. बाम्बेर्गमध्ये दोघांनीच जुनी रीत सोडली नाही, श्लेन्केर्ला आणि स्पेत्सिआल. बीचचं लाकूड जाळायचं आणि त्याचा धूर माल्टमधून जाऊ द्यायचा. दोघंही माल्ट स्वतःच करतात.

समोर बसलेले आजोबा माझा चेहरा पाहत होते. म्हणाले, पहिल्या पेल्यावर मत देऊ नकोस, तिसऱ्याला दे. मला वाटलं, धंदा वाढवायची युक्ती. पण दुसऱ्या पेल्याच्या मध्यावर धूर मागे सरला आणि खालून भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी गोडसर खरपूस चव वर आली. नाक सरावतं, एवढंच. सोबत भरलेला कांदा मागवला होता, खिम्याचा, वरून त्याच बीअरचा रस्सा. आपल्याकडच्या भरल्या कांद्याला त्याची सर नाही असं म्हणणार होतो, पण आई हे वाचणार आहे.

मग माझी चूक झाली. श्लेन्केर्लातून उठून सरळ वुंडरबुर्ग भागातल्या मार्स ब्रॉयमध्ये गेलो. तिथं फक्त "ऊ" म्हणायचं, की "ऊ" मिळते. हे 'बूच न मारलेली' अशा अर्थाच्या जर्मन शब्दाचं आद्याक्षर आहे. बीअर मुरत असताना पिपाला बूच घट्ट मारत नाहीत, वायू निघून जातो, म्हणून तिला फेस कमी आणि अंग मऊ. असं म्हणतात. मला त्या दिवशी ती बेचव लागली, वहीत दहापैकी चार गुण दिले. रस्त्यापलीकडच्या केसमानच्या पिल्सनरलाही तेच. जिभेवर धूर बसलेला होता, त्याच्यापुढे कोण टिकणार? आधी ठेचा खाऊन मग वरणभाताला नावं ठेवण्यातला प्रकार.

पुढच्या शनिवारी उलट क्रमानं गेलो. सकाळी अकराला "ऊ", मध्ये पाव आणि पाणी, मग केसमान, मग स्टेशनकडच्या रस्त्यावर स्पेत्सिआल. "ऊ"चे चाराचे आठ झाले. मऊ खरंच होती, ताज्या पावाच्या आतल्या भागासारखी. स्पेत्सिआल 1536 सालचं. समोरासमोर फेस्ला, तीस वर्षांचं युद्ध संपल्यावर पुढच्याच वर्षी, 1649 मध्ये निघालेलं. दोन्हीकडे वर राहायच्या खोल्या आहेत. ही सोय किती विचारपूर्वक केलीय हे रात्री कळतं.

स्पेत्सिआलच्या लागरमध्येही धूर आहे, पण तो पेल्याच्या काठाशी बसून राहतो, बोलणं चालू देतो. श्लेन्केर्लाचा धूर दारातूनच हाका मारत येतो. मला स्पेत्सिआल जास्त आवडली. बाम्बेर्गमध्ये हे मोठ्यानं बोललात तर अर्धं टेबल तुमच्या बाजूचं होतं आणि अर्धं बोलायचं बंद होतं.

एक शनिवार खेड्यात गेला. आउफझेस या दीड हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात चार ब्रुअऱ्या आहेत, माणशी सर्वांत जास्त म्हणून गिनीज बुकात नोंद आहे. चारही जोडणारी चौदा-एक किलोमीटरची पायवाट आहे, म्हणजे पिणाऱ्याला चालायलाच लागतं. तिथून परतताना सहकाऱ्यानं ओळखीच्या एका छोट्या ब्रुअरीत नेलं. मालक, त्याची बायको आणि एक गडी, एवढाच कारभार. तांब्याचं भांडं आमच्या लग्नातल्या आचाऱ्याच्या हंड्यापेक्षा फार मोठं नव्हतं. हॉप्सची सुकी बोंडं त्यानं माझ्या तळहातावर चोळली. वास गवताचा आणि लिंबाच्या सालीचा. तळघरात गारठा. बीअर आंबते आठ-नऊ अंशांवर, आणि मग कित्येक आठवडे नुसती पडून राहते. घाई केली तर काय होतं, विचारलं. तो म्हणाला, मग ती शहरातली बीअर होते. दाराशी ट्रॅक्टर उभा होता. जवाचा ऊन चोथा शेजारच्या गोठ्यात चालला होता.

माझ्या वहीतल्या गुणांवर सहकाऱ्याचा विश्वास नव्हता. शेवटच्या आठवड्यात त्यानं आपल्या स्वयंपाकघरात पाण्याचे सहा सारखे ग्लास मांडले, तळाला चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. सहापैकी धुरवलेल्या माल्टच्या किती, ओळखायच्या. मी छातीठोकपणे चार सांगितल्या. होत्या तीन. चौथी श्लेन्केर्लाची फिकी लागर, हेलेस. तिच्यात धुरवलेलं माल्ट घालतच नाहीत. ती त्याच भांड्यांत उकळतात आणि तिला यीस्ट तेच लावतात, तेवढ्यानं धूर उतरतो. म्हणजे तिथं भांड्यांनाच धूर लागलाय. त्या हेलेसला मी सर्वांत जास्त गुण दिले होते. वही मिटली. रिकाम्या सहा बाटल्या दुकानात परत केल्या, बाटलीमागे 8 सेंट अनामत परत मिळते.

शेवटी बॅगेत मोज्यांत गुंडाळून आल्या त्या अशा: स्पेत्सिआलच्या लागरच्या दोन, "ऊ" एक आणि श्लेन्केर्लाची गडद मेर्त्सन एक, 5.1 टक्क्यांची. हेलेस राहिली. तिची गंमत आधी दुसरी प्यायल्याशिवाय कळत नाही, आणि पाचव्या बाटलीला जागा नव्हती.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी बाबांसमोर क्रमानंच मांडल्या. "ऊ" प्यायले, म्हणाले, "चांगली आहे, पण ही इथंही मिळेल." स्पेत्सिआल अर्धी झाल्यावर थांबून पेल्याकडे पाहिलं, बोलले नाहीत. श्लेन्केर्ला नाकाशी नेली आणि स्वयंपाकघराकडे वळून आईला हाक मारली, "अगं, ये इकडे. हिला धूर लागलाय." आईनं वास घेतला, घोटभर प्यायली, तोंड वाकडं केलं आणि पेला परत दिला नाही.

स्पेत्सिआलची दुसरी बाटली बाबांनी दिवाळीसाठी राखून ठेवली. ती अजून फ्रिजच्या दारात, टोमॅटो सॉसशेजारी उभी आहे. तिच्यावरची तारीख मार्चमध्येच उलटली.