सोळा ठिपक्यांचा हिशेब

कर्जत-लोणावळा घाटाचा मार्ग संगणकावर चालवणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. पळसदरीपर्यंत गाडी छान जाते, पुढे ठाकूरवाडी, मंकी हिलच्या बाजूला चढायला लागली की चित्र अडखळतं, क्षणभर थिजतं, मग एकदम पुढे सरकतं. दोष इंजिनाच्या मॉडेलला दिला जातो, प्रोसेसरला दिला जातो, आणि शेवटी घरात नवं ग्राफिक्स कार्ड येतं. काही दिवस बरे जातात. मग कोणी तरी त्याच मार्गावर अधिक ‘एचडी’ झाडं बसवतो आणि अडखळणं पुन्हा सुरू होतं.

ट्रेन सिम्युलेटरसाठी डबे, स्थानकं आणि डोंगरउतार रंगवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा टेक्स्चरमध्ये सापडतं. टेक्स्चर म्हणजे त्रिमितीय सांगाड्यावर चढवलेलं चित्र. डब्याचा रंग, रुळांखालची खडी, बोगद्याच्या तोंडावरचं शेवाळलेलं दगडकाम, पावसाळ्यातली हिरवळ, हे सगळं टेक्स्चरच. सांगाडा फार जागा घेत नाही. जागा खातात ती ही चित्रं.

पहिला गैरसमज इथेच होतो. फाइल डिस्कवर किती मोठी आहे हे पाहून लोक हिशेब मांडतात. जेपीजी किंवा पीएनजी चित्र डिस्कवर लहान दिसतं, पण ग्राफिक्स कार्डाला ते तसंच वापरता येत नाही. आधी पूर्ण उलगडावं लागतं. सतरंजी घडी करून कपाटात ठेवली तर थोडक्यात मावते, पण पंगत बसवायची तर पसरावीच लागते, आणि मग खोली तेवढीच अडते. २०४८ बाय २०४८ पिक्सेलचं एक चित्र उलगडलं की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात आणि कार्डाच्या मेमरीत बरोबर १६ एमबी जागा जाते. डिस्कवरची फाइल अर्ध्या एमबीची असली तरी त्यात फरक पडत नाही.

२००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या एसीई फायलींत हा फरक स्पष्ट दिसतो. कुजू या ब्रिटिश कंपनीने बनवलेल्या त्या सिम्युलेटरसाठी जगभरच्या हौशी मंडळींनी मार्ग आणि इंजिनं रचली, त्यात आपल्या भारतीय रेल्वेचीही होती. एसीई फाइल दोन प्रकारे आवळता येते. झेडलिब पद्धतीने आवळली तर फक्त डिस्कवरची जागा वाचते, मेमरीत चित्र पुन्हा पूर्ण फुगतं. डीएक्सटी पद्धतीने आवळली तर ती कार्डात जातानाही आवळलेलीच राहते. बाहेरून दोन्ही फायली सारख्याच दिसतात, म्हणून कित्येक जुन्या मार्गांच्या टेक्स्चर फोल्डरमध्ये दोन्हींची सरमिसळ झालेली आहे.

डीएक्सटीची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. चित्राचे चार बाय चारचे चौकोन पाडायचे. एका चौकोनात सोळा पिक्सेल. प्रत्येकाचा रंग वेगळा लिहून ठेवण्याऐवजी पूर्ण चौकोनासाठी दोनच रंग नोंदवायचे आणि त्या दोघांच्या दरम्यानचे आणखी दोन रंग हिशेबाने काढायचे. असे चार रंग झाले. मग सोळापैकी प्रत्येक पिक्सेलने या चारांतला कोणता रंग घ्यायचा एवढंच दोन-दोन बिटांत लिहायचं. पूर्ण चौकोन आठ बाइटांत बसतो. न आवळता त्याला चौसष्ट लागले असते. म्हणजे १६ एमबीचं टेक्स्चर २ एमबीवर येतं. प्रत्येक चौकोनाचं माप ठरलेलं असल्यामुळे चित्राचा कुठलाही तुकडा हवा असला तरी कार्ड थेट त्या जागी जाऊन वाचतं, अलीकडचं काही उलगडावं लागत नाही. जेपीजीला हे जमत नाही.

ही कल्पना एका दिवसात सुचलेली नाही. १९७९ साली अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या एडवर्ड डेल्प आणि रॉबर्ट मिचेल यांनी करड्या छटांच्या चित्रांसाठी चौकोनाला दोन पातळ्या देण्याची पद्धत मांडली. १९८६ मध्ये तीच दिशा रंगीत चित्रांपर्यंत पोहोचली. १९९८ मध्ये एस३ कंपनीने ती ग्राफिक्स कार्डात आणली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स ६ मध्ये डीएक्सटी या नावाने स्वीकारली. तिच्यावरच्या पेटंटमुळे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना वर्षानुवर्षं आडवाटेने जावं लागलं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये पेटंटची मुदत संपली तेव्हा लिनक्सच्या मेसा ड्रायव्हरमध्ये ही पद्धत सरळ सुरू झाली. सिम्युलेटरची हौस असलेल्या तरुणांनी हा इतिहास माहीत करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. आपण रोज वापरतो त्या हत्यारामागे माणसांची किती वर्षं गेली आहेत ते कळतं.

आता घाटाकडे येऊ. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये आणि त्याचेच मार्ग चालवणाऱ्या ओपन रेल्स या मुक्त सिम्युलेटरमध्ये जमीन २०४८ मीटरच्या चौकोनांत विभागलेली असते. ताशी साठ किलोमीटरने चाललात तर साधारण दोन मिनिटांत एक चौकोन मागे पडतो आणि पुढचे चौकोन त्यांच्या झाडा-घरांसह मेमरीत यावे लागतात. सपाटीवर चौकोन मोकळे असतात. घाटात मात्र प्रत्येक उतारावर दाट झाडी, दगडी भिंती, बोगद्यांची तोंडं, कॅचसायडिंग, केबिनी. टेक्स्चर्स न आवळलेली असली की कार्डाची मेमरी भरते, ड्रायव्हर काही चित्रं संगणकाच्या मुख्य मेमरीत हलवतो, आणि ती पुन्हा लागली की तिकडून आणावी लागतात. आपल्याला दिसतो तो झटका या ने-आणीचा. ३२-बिट प्रोग्रामचं दुखणं आणखी वेगळं. त्याला एकूण दोन, फार तर चार जीबीचाच पत्ता असतो. तो संपला की झटका बसत नाही, सिम्युलेटर थेट बंद पडतो. ट्रेन सिम्युलेटर या व्यापारी मालिकेनेही २०१९ च्या आवृत्तीत ६४-बिटचा मार्ग धरला तो यासाठीच.

डब्यांचं उदाहरण घ्या. चोवीस डब्यांची गाडी, सगळे डबे एकाच टेक्स्चरवर चालत असतील तर ते टेक्स्चर मेमरीत एकदाच चढतं. डबे कितीही जोडा. पण कलाकाराने एस-१, एस-२ असे क्रमांक आणि डब्यांचे नंबर खरे दिसावेत म्हणून प्रत्येक डब्याला २०४८ चं स्वतंत्र चित्र दिलं की हिशेब बदलतो. दूरच्या दृश्यासाठीच्या लहान प्रती धरून एक चित्र सव्वाएकवीस एमबीच्या आसपास जातं, आणि चोवीस डब्यांची गाडी ५१२ एमबी अडवून बसते. डीएक्सटी१ मध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या आठ बाइटांच्या प्रकारात, तीच गाडी ६४ एमबीत मावते. त्याहून शहाणपणाचा उपाय म्हणजे डब्याचा रंग सगळ्यांना सामाईक ठेवून क्रमांकांची पाटी १२८ पिक्सेलच्या छोट्या वेगळ्या चित्रात काढणे. आधी रचना सुधारावी, मग आवळावं, असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगतो.

दूरच्या दृश्यासाठीच्या लहान प्रतींना मिपमॅप म्हणतात. लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये त्या मांडल्या. मूळ चित्राच्या निम्मी, तिच्या निम्मी, अशी उतरंड एक पिक्सेलपर्यंत जाते आणि एकूण जागा एक तृतीयांशाने वाढते. मेमरी वाचवायची म्हणून काही जण मिपमॅप काढूनच टाकतात. तसं कधीही करू नये. दूरवरची खडी मग मुंग्या धावल्यासारखी लुकलुकते, आणि लांबचं चित्र काढायलाही कार्डाला पूर्ण आकाराचं टेक्स्चर चाळावं लागतं, म्हणून वेगही घसरतो.

आवळण्याची किंमत चित्राला मोजावी लागते, आणि ती कुठे मोजावी लागते हे ओळखण्यातच खरं कसब आहे. चौकोनात काळा-पिवळा असे दोनच रंग असले तर डीएक्सटी१ त्यांना जवळजवळ जसंच्या तसं ठेवतं. आपल्या स्थानकांचे पिवळ्यावर काळ्या अक्षरांचे नामफलक त्यामुळे सुरेख टिकतात, देवनागरीतली वेलांटीसुद्धा. पण तीन भिन्न रंग एकाच चौकोनात आले की पद्धत कोलमडते, कारण तिचे चारही रंग एका सरळ रेषेवरचे असतात. डेक्कन क्वीनचा पूर्वीचा रंग आठवा: निळा, पांढरा आणि खिडक्यांवरून जाणारा लाल पट्टा. जिथे तिन्ही शेजारी येतात तिथे लाल मळकट होतो, कडा दातेरी दिसते. यावर उपाय आहे. चित्र आखतानाच रंगपट्ट्यांच्या कडा चारच्या पटीत येणाऱ्या ओळीवर ठेवायच्या, म्हणजे चौकोनाच्या पोटातून कड जात नाही. हे बारकावे आराखड्याच्या वेळीच पाळावे लागतात, नंतर दुरुस्त करणं फार कष्टाचं असतं.

करड्या रंगांचा त्रास वेगळा. नोंदवलेल्या रंगात लालला पाच बिट, हिरव्याला सहा, निळ्याला पाच. शुद्ध करड्या रंगासाठी तिन्ही सारखे हवेत, पण पायऱ्याच वेगवेगळ्या असल्याने करडा किंचित हिरवट नाही तर जांभळट होतो. खडी, काँक्रीटचे स्लीपर, पावसाळी आभाळ, घाटातलं धुकं यांत हे जाणवतं. खडीत दाणे असल्यामुळे नजर सोडून देते. आभाळात मात्र पट्टे उठतात. म्हणून आभाळाची चित्रं मी आवळत नाही. ती मोजकीच असतात, त्यांची जागा परवडते.

आणि झाडं. घाटाच्या मार्गावर सगळ्यात जास्त चुकतात ती झाडं. पानांच्या कडेचा पारदर्शकपणा डीएक्सटी१ मध्ये एका बिटाचा असतो, आहे किंवा नाही. डीएक्सटी५ मध्ये त्याला आठ बाइटांचा स्वतंत्र भाग मिळतो आणि कडा मऊ येतात, पण जागा दुप्पट लागते. लांबच्या झाडीला डीएक्सटी१ पुरतं. फलाटाला खेटून असलेल्या वडाला किंवा गुलमोहराला डीएक्सटी५ द्यावं. एसीई फायलींच्या काळात डीएक्सटी१ वरच भागवावं लागे. ओपन रेल्स डीडीएस फायली वाचतं, आणि त्यांत डीएक्सटी५ ही साठवता येतं, त्यामुळे ही निवड हातात आली. दुसरी गोष्ट अशी की पानांबाहेरचा, न दिसणारा भाग काळा ठेवला तर लहान प्रती बनताना तो काळेपणा पानांत मिसळतो आणि प्रत्येक झाडाभोवती काजळीची कड उमटते. न दिसणाऱ्या भागातही पानांचाच हिरवा पसरून ठेवावा.

अवजारांची ददात नाही. गिंप आणि पेंट डॉट नेट डीडीएस उघडतात आणि साठवतात. एएमडीचं कॉम्प्रेसोनेटर आणि मायक्रोसॉफ्टचं टेक्सकॉन्व्ह फोल्डरच्या फोल्डर एका आज्ञेत बदलून देतात. धोका या सोयीतच आहे. सगळं फोल्डर सरसकट आवळलं की आभाळ, केबिनमधले मीटर आणि वेळापत्रकाचे फलकही त्यात भरडले जातात. चालकाच्या केबिनचं दृश्य तर मुळीच आवळू नये. प्रवासभर डोळे तिथेच असतात आणि मीटरवरचा आकडा वाचता आला नाही तर गाडी चालवण्यात अर्थ उरत नाही.

आवळल्यामुळे काय साधत नाही हेही सांगायला हवं. पडद्यावर हजारो सुट्या वस्तू असतील तर प्रत्येकीसाठी प्रोसेसरला कार्डाकडे वेगळी मागणी करावी लागते, आणि तो ताण टेक्स्चर आवळून हलका होत नाही. फ्रेम रेट सतत खाली असेल तर तिकडे पाहावं. थांबून-थांबून झटके येत असतील किंवा लांबच्या प्रवासात सिम्युलेटर बंद पडत असेल, तर टेक्स्चर तपासावीत. ओपन रेल्समध्ये एफ५ दाबून मेमरी आणि फ्रेमचे आकडे समोर घ्यावेत, बदलाआधी आणि बदलानंतर त्याच ठिकाणी उभं राहून पाहावेत. त्यातच दिवसाची आणि रात्रीची टेक्स्चर्स गरजेनुसार चढवण्याचा पर्यायही आहे. मोठ्या मार्गांवर तो नक्की वापरावा.

जुन्या ५१२ च्या चित्रांना चौपट ताणून ‘एचडी’ म्हणवण्याची जी लाट आली आहे ती मला पटत नाही. १९२० बाय १०८० च्या पडद्यापेक्षा रुंद चित्र रुळांपासून शंभर मीटरवरच्या झाडाला चढवून कोणाचं भलं होतं? त्या झाडाला २५६ पुरतं. वाचलेली मेमरी प्रवासी जिथे खरोखर बघतात त्या फलाटाला, इंजिनाच्या कपाळाला, बोगद्याच्या तोंडाला द्यावी.

डीएक्सटीमध्ये गेलेला तपशील परत मिळत नाही, आणि आवळलेली फाइल उघडून, बदलून पुन्हा आवळली की दर वेळी आणखी थोडा जातो. म्हणून भारतीय मार्ग आणि डबे रंगवणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मूळ, थरांसहित फायली दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा, सिम्युलेटरसाठी आवळलेल्या प्रती त्यांच्यापासूनच दर वेळी नव्याने बनवा, आणि काम थांबवलंत तर त्या मूळ फायली पुढे काम करणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्या.