होय की नाही?

मित्रांनो, तुम्ही क्रिकेटचा सामना पाहायला जाता ना? मग सीमारेषेबाहेर बसून तुम्हीही सल्ले देत असाल. "याला गोलंदाजी कशाला दिली? त्याला आधी पाठवायला हवे होते!" शाळेत असताना मीही असाच ओरडत असे. एकदा आमचा संघ हरत आला होता. आमचा कप्तान धावत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बोल, आता गोलंदाजी कोणाला देऊ?" माझ्या तोंडून शब्दच फुटेना!

पुढे मी एका जुन्या सामन्याची हकिकत वाचली, तेव्हा मला तो दिवस आठवला. तो सामना बेसबॉलचा होता.

बेसबॉल हा अमेरिकेतील लोकांचा आवडता खेळ. प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात. चेंडू फेकणाऱ्याला 'पिचर' म्हणतात. चेंडू मारल्यावर खेळाडू तीन ठिकाणांना शिवून मूळ जागी परत आला, की एक धाव होते. तीन खेळाडू बाद झाले, की डाव संपतो. प्रत्येक संघाला असे नऊ डाव मिळतात.

१९५१ साली सेंट लुई शहराचा 'ब्राउन्स' हा संघ आठ संघांत अगदी तळाला होता. प्रेक्षकही येईनासे झाले होते. त्या वर्षी जुलै महिन्यात बिल व्हेक यांनी हा संघ विकत घेतला. महायुद्धातील जखमेमुळे त्यांना एक पाय गमवावा लागला होता. पण त्यांची उमेद कायम होती. त्यांनी ठरवले, लोक बाहेरून सल्ले देतात ना, मग त्यांनाच विचारू!

तो दिवस होता २४ ऑगस्ट १९५१. समोर फिलाडेल्फियाचा 'अॅथलेटिक्स' संघ होता. तोही त्या वर्षी जिंकण्यापेक्षा हरतच जास्त होता. कोणाला खेळवायचे, हे लोकांनी वर्तमानपत्रातील मतपत्रिकेवर आधीच कळवले होते. मैदानावर हजाराहून अधिक प्रेक्षकांना फलक दिले गेले. फलकाच्या एका बाजूला 'होय' आणि दुसऱ्या बाजूला 'नाही' असे लिहिले होते. संघाचे व्यवस्थापक झॅक टेलर पायांत सपाता घालून झुलत्या खुर्चीत आरामात बसले!

पहिल्याच डावात अॅथलेटिक्सने तीन धावा काढल्या. लोकांना विचारले गेले, "दुसरा पिचर तयार ठेवू का?" खरे तर अशा वेळी आपण रागाने 'होय' म्हटले असते; पण बहुतेकांनी 'नाही'चा फलक दाखवला. त्यांनी पिचर नेड गार्व्हर यांच्यावर विश्वास ठेवला. मग प्रश्न आला, "जवळचे खेळाडू मागे उभे करू का?" लोक म्हणाले, "होय." पुढचा चेंडू त्यांच्याकडेच गेला आणि एकदम दोघे बाद झाले! त्यानंतर गार्व्हर यांनी एकही धाव दिली नाही. ब्राउन्स ५-३ असे जिंकले.

फलक धरणाऱ्यांत ८८ वर्षांचे कॉनी मॅकही होते. त्यांनी पन्नास वर्षे अॅथलेटिक्सचेच व्यवस्थापन केले होते! आपला संघ समोर खेळत असतानाही ते या गमतीत सामील झाले.

या विजयाने ब्राउन्सचे नशीब मात्र पालटले नाही. त्या वर्षी त्यांनी ५२ सामने जिंकले आणि १०२ गमावले. त्या ५२ विजयांपैकी २० एकट्या गार्व्हर यांच्या नावावर आहेत. १९५३ च्या हंगामानंतर तो संघ सेंट लुई सोडून दुसऱ्या शहरात गेला.

तरीही मला हा सामना फार आवडतो. एरवी त्याच लोकांनी पिचरला नावे ठेवली असती. त्या दिवशी निर्णय त्यांच्या हातांत होता, म्हणून ते विचार करू लागले. माझ्या कप्तानाने मला तो प्रश्न विचारला, तेव्हा माझ्याही हातांत असाच फलक आला होता. पण मला तो उचलता आला नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्या वर्गात, घरात किंवा मैदानावर तुम्हांला कोणी विचारले, "बोल, काय करू?" तर तुम्ही कोणता फलक उचलाल? आणि निर्णय चुकला, तर "तो माझा होता" असे म्हणाल का?