तांबडीची पाठ

राज्यगीत सुरू झालं की आपण सगळे उभे राहतो. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि आवाज शाहीर साबळे यांचा... अंगावर काटा न येईल तरच नवल! २०२३ साली या गीताला राज्यगीताचा दर्जा मिळाला. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे, तोही आपण शाळेपासून म्हणत आलोय. पण खरं सांगा, भीमथडीचं तट्टू तुम्ही कधी पाहिलंय?

मीही नव्हतं पाहिलं. म्हणजे पाहिलं होतं, पण ते हेच, याचा पत्ताच नव्हता!

मी मूळची सांगलीची. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे कृष्णाकाठाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माणदेशाकडे परत जातात, हे लहानपणापासून बघतेय. शंभर फुटी रोडवर मेंढरांमुळे स्कूलबस अडायची. मेंढरांच्या मागेपुढे बुटकी, काटक घोडी असायची. पाठीवर वाकळा, हंडे, कोंबड्यांचं डालगं आणि सगळ्यात वर एखादं शेंबडं पोर. आम्ही त्यांना ‘धनगराची घोडी’ म्हणायचो. घोडा म्हणजे सिनेमात हिरो बसतो तो, असा आमचा साधासरळ हिशेब होता.

२०२३-२४ मध्ये करनालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं ‘भीमथडी’ ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. त्याआधी देशात घोड्यांच्या फक्त सात जातींची नोंद होती. मारवाडी, काठियावाडी वगैरे राजबिंडी मंडळी! भीमा नदीच्या खोऱ्यातली, मराठ्यांच्या घोडदळात दूरदूर दौडलेली ही जात आता उरली नाही, असंच बरीच वर्षं मानलं जात होतं. ती उरली होती, फक्त कुणी तिच्याकडे घोडा म्हणून पाहत नव्हतं. धनगरांच्या वाड्यांनी ती हंड्या-वाकळांखाली सांभाळून ठेवली होती.

माझ्यासारख्या फ्रीलान्सरला आणखी काय हवं? मस्त स्टोरी! डोक्यात फोटोसकट तयार झाली. मावळतीचा सूर्य, उधळलेलं तट्टू, उडणारी आयाळ...

गेल्या मे महिन्यात बाबांच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसली होती. भिलवडीजवळ. हो, पुणेकरांना चितळ्यांमुळे माहीत असलेली तीच भिलवडी. वाडा माण तालुक्यातला, म्हसवडकडचा. तीन बिऱ्हाडं, तीनेकशे मेंढरं आणि सात घोडी. मी त्यांच्याबरोबर आटपाडीपर्यंत चालायचं ठरवलं. बारा दिवस. आई म्हणाली, ‘वेड लागलंय तुला.’ वाड्यातल्या आजींचंही मत फारसं वेगळं नव्हतं!

पहिला धक्का पहाटे चारला बसला. या सात घोडींचं सगळं बघायचं ते बायकांनी. पुरुष मेंढरांच्या मागे. रात्री घोडी पुढचे दोन्ही पाय दोरीनं बांधून चरायला सोडतात, म्हणजे चरत चरत फिरता येतं, पण पळून जाता येत नाही. असं कागदावर म्हणायचं. पहाटे अंधारात त्या दीड-दोन किलोमीटरवर सापडतात! बॅटरी घेऊन त्यांना शोधायचं, म्होरकी घालून आणायचं. मग एकेकीच्या पाठीवरून पालथा हात फिरवायचा. कुठं गरम लागतं का, सूज आहे का, घोडी अंग चोरते का. खूर उचलून खडा अडकलाय का बघायचं. हे सगळं झालं की मगच लादायला घ्यायचं.

‘लादणं’ हे एक शास्त्र आहे, मंडळी. आधी पाठीवर गोणपाट, त्यावर वाकळेची घडी. एकही चुणी नको. मग दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची पोती. एका बाजूला ज्वारी असेल, तर दुसऱ्या बाजूला तेवढ्याच भाराची भांडी. वर मेंढरांना रात्री कोंडायची वाघूर, तिच्यावर डालगं, चालू न शकणारी दोन-चार कोकरं आणि शेवटी पोर. मग दोरीचा तंग आवळायचा. ढिला राहिला, तर ओझं घसरतं. जास्त आवळला, तर घोडीला श्वास घेता येत नाही. हुशार घोडी तंग आवळताना पोट फुगवते आणि नंतर सोडून देते! म्हणून आजी दहा पावलं चालवून पुन्हा एकदा आवळायच्या.

आजींचं वय त्यांनाही माहीत नव्हतं. सत्तरीच्या पुढे नक्की. चार वर्षांची असताना घोडीवरच्या ओझ्यावर बसून घाट उतरल्याचं त्यांना आठवतं.

त्यांची शाळा चालायची ती संध्याकाळी. विद्यार्थिनी एकच, चांदी. दोन वर्षांची, कपाळावर पांढरा टिळा असलेली शिंगरी. तिला ओझ्याची सवय करायची होती. पण ओझं लगेच नाही! आधी नुसता हात. मग पाठीवर रिकामं पोतं टाकायचं, काढायचं, पुन्हा टाकायचं. ती उडवून लावायची, आजी उचलून आणायच्या. वीस वेळा, तीस वेळा. आवाज चढला नाही, हात उगारला नाही. शेजारी वहिनी मुद्दाम परात आणि हंडा वाजवायच्या. का? तर भांड्यांच्या आवाजाला बुजणारं जनावर उद्या ट्रकच्या हॉर्नला बुजून सगळा संसार रस्त्यावर सांडेल.

“पोतं राहिलं की झालं का आजी ट्रेनिंग?” मी विचारलं.

“पोतं राहनं म्हंजे काय न्हाय. मी पाठ फिरवल्यावर बी राहिलं पायजे,” आजी म्हणाल्या.

काळी नावाच्या म्हाताऱ्या घोडीच्या पाठीवर तीन पांढरे ठिपके होते. एकदम फोटोजेनिक! मी चार अँगलनी फोटो काढले आणि विचारलं, “ही भीमथडीची खास खूण का?”

वहिनी खळखळून हसल्या. आजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, “पाठ लागल्याली खून हाय ती. वझं घासून जखम झाली की पुन्ना येनारं क्यास पांढरं येत्यात. तवा मी नवी होते.”

पाचव्या दिवशी माझा शहाणपणा उफाळून आला. आता सगळं बघून झालंय, एक घोडी मीच लादते, असा हट्ट धरला. तांबडी माझ्या वाट्याला आली. सात घोडींत सगळ्यात शांत. आजी एका आजारी मेंढीत अडकल्या होत्या, वहिनी पोरांत. मी वाकळ टाकली, पोती चढवली, तंग आवळला. कुणीतरी माझ्याच मोबाइलवर फोटो काढला. लगेच स्टेटसला टाकला, हे कबूल करायला लाज वाटते.

त्या दिवशी आम्ही विट्याजवळ गुहागर-विजापूर महामार्ग ओलांडला. ट्रक, ट्रॅव्हल्स, हॉर्न... तांबडी तसूभर बुजली नाही. मध्येच दोनदा तिनं मान मागे वळवून पाठीकडे बघितलं, शेपटी झटकली. मला वाटलं, माशा असतील.

तळावर ओझं उतरवलं आणि वाकळ उचलली. ती चिकटली होती. खाली तळहाताएवढी कातडी सोलून निघाली होती, लालभडक. वाकळेला चुणी पडली होती आणि त्या चुणीत दोरीची गाठ अडकली होती. आठ-दहा किलोमीटर ती गाठ तिच्या पाठीवर घासत होती आणि ती माझ्यामागे मुकाट चालत होती.

आजींनी मला शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चूल पेटवली, पाणी कोमट केलं, मीठ टाकलं आणि जखम धुतली. नातू मोटारसायकल काढून जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. घोड्याला उघड्या जखमेतून धनुर्वात होण्याची भीती मोठी असते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, मलम दिलं आणि सांगितलं, किमान तीन आठवडे पाठीवर काही टाकायचं नाही.

पाऊस मागे लागलेला. दक्खनी मेंढीला चिखल-पाणी सोसत नाही, खुरं सडतात. त्यामुळे थांबायची सोय नव्हती. मग तांबडीचं ओझं कुणी न्यायचं?

“चांदीवर टाकू या की थोडं,” नातू म्हणाला. “शिकतीयाच न्हवं?”

“न्हाय,” आजी म्हणाल्या. “कवळी पाठ हाय. आज लादली तर जन्माची मोडंल. आन् वझं म्हनलं की तिला हीच गोष्ट ध्यानात राहील.”

पुढचे सात दिवस तांबडीचं निम्मं ओझं बाकीच्या घोडींवर वाटलं गेलं आणि निम्मं आलं माणसांच्या डोक्यावर. एक बोचकं आजींच्या, एक वहिनींच्या आणि पितळी हंडा माझ्या. मे महिन्याचं ऊन, डोक्यावर हंडा आणि पुढे सत्तरीची बाई अनवाणी झपाझप चालतेय. तिच्या डोक्यावरचं बोचकं माझ्या एका चुणीमुळे आलेलं. मी फोटो काढणं बंद केलं.

तांबडीच्या जखमेवरच्या माशा वारणं माझ्याकडे लागलं. पण ती मला जवळच येऊ देईना. मी दिसले की कान मागे पाडायची, अंग आक्रसून घ्यायची. मी रोज भाकरीचा तुकडा घेऊन जायचे, ती तोंड फिरवायची. मी आणखी पुढे सरकायचे, ती आणखी मागे.

“तुज्या हाताला घाई हाय पोरी,” आजी एकदा म्हणाल्या. “माफी मागायची बी घाई. तिला कुठं ठावं तुला वाईट वाटलंय? ती हात बघती.”

मग मी नुसती उभी राहायला लागले. भाकरी नाही, चुचकारणं नाही. ती चरायची, मी माशा वारायचे, हात पुरेल एवढ्या अंतरावरून. मास कॉमच्या दोन वर्षांत मला एवढा वेळ गप्प राहायला कुणी शिकवलं नव्हतं!

नातवाशी रात्री गप्पा व्हायच्या. माझ्याच वयाचा, बारावी झालेला. त्याला कर्जावर पिकअप घ्यायचा होता. “पिकअपला पाठ लागत न्हाय मॅडम,” तो म्हणाला. टोमणा नव्हता, साधा हिशेब होता. बरेच वाडे आता असंच करतात. बिऱ्हाड टेम्पोत घालून पुढच्या तळावर पाठवतात. त्याच्या आईचे गुडघे गेलेत, पोरांना शाळा हवी आहे. टेंभूचं पाणी आलं, माळरानावर ऊस-डाळिंब आलं, कुंपणं आली. चरायला जागा कुठे राहिली? देशात २०१२ साली सुमारे सव्वासहा लाख घोडे-तट्टं होती. २०१९ च्या पशुगणनेत ती ३ लाख ४० हजारांवर आली, म्हणजे सात वर्षांत जवळजवळ निम्मी. हा आकडा ऑफिसात वाचला असता, तर मी हळहळले असते. वहिनींच्या डोक्यावरचं बोचकं बघून मला पिकअपच बरोबर वाटला.

आजींचं म्हणणं एवढंच, की पिकअप डांबरी सोडून रानात उतरत नाही, आणि मेंढरं डांबरीवर चरत नाहीत. दोघांचंही खरं होतं. शेवटी ठरलं ते असं, की जड सामानापुरता टेम्पो भाड्यानं करायचा, दोन घोडी विकायच्या आणि पाच ठेवायच्या. कोणत्या दोन, यावर मात्र वाद मिटेना. लागलेल्या पाठीची घोडी बाजारात कमी भावात जाते. म्हणजे माझ्या चुणीची किंमत रुपयांतही होती. मी पैसे पुढे केले, तेव्हा आजींनी डॉक्टरांचे तेवढे घेतले. बाकीचे परत.

बाराव्या दिवशी आटपाडी जवळ आली. ‘बनगरवाडी’ लिहिणाऱ्या व्यंकटेश माडगूळकरांचा हा मुलूख. मला घ्यायला गाडी येणार होती. पहाटे मी शेवटची तांबडीपाशी जाऊन उभी राहिले. जखमेवर खपली धरली होती. मी माशा वारत होते आणि मनात ऑफिसांचे, डेडलाइनचे, कुणाकुणावर आपण बिनधास्त टाकलेल्या कामांचे विचार चालले होते. टाकताना आपण घडी नीट आहे की नाही, हे कधी बघतो? समोरचा मुकाट चालतोय म्हणजे त्याला लागत नाहीये, असंच धरून चालतो ना?

इतक्यात खांद्याला काहीतरी ऊबदार लागलं. तांबडीनं नाक टेकवलं होतं. फार नाही, दोनच सेकंद. मग ती चरायला लागली.

जुलैच्या अखेरीस नातवाचा व्हॉट्सअॅप आला. फोटोत तांबडी, मागे पावसानं हिरवं झालेलं माणदेशातलं माळरान. ती विकली नव्हती. पाठ पूर्ण भरून आली होती आणि बरोबर मधोमध, तळहाताएवढ्या जागेत, नवे केस आले होते. पांढरेशुभ्र.

खाली त्यानं लिहिलं होतं, ‘आजी म्हणते, तुमची सही हाय ही.’

स्टोरी कुठेच छापून आली नाही. एडिटरला उधळलेलं तट्टू हवं होतं, ते माझ्याकडे नव्हतं. परवा एका कार्यक्रमात राज्यगीत लागलं, सगळ्यांबरोबर मीही उभी राहिले. तट्टांचा उल्लेख आला तेव्हा बाजूच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा मावळे आणि दौडणारे घोडे असतील. माझ्या डोळ्यांसमोर पांढरा ठिपका होता.