धारेहून देवासला

मार्गशीर्षात माळव्याची हवा अशी असते की, प्रवासाला निमित्त लागू नये. आम्हाला मात्र निमित्त होते. अठरा वर्षे अमेरिकेत असलेला माझा भाचा तीन आठवड्यांच्या रजेवर आला होता आणि त्याच्याजवळ त्या देशाचे नागरिकत्व मागणारा, भरलेला पण सही न केलेला अर्ज होता. आईला विचारल्यावाचून तो धाडायचा नाही, असे त्याने ठरवले होते. आई म्हणजे माझी थोरली बहीण, आमची अक्का. ती धारेला राहते.

इंदूरहून धार साठ-पासष्ट किलोमीटर. दोहो बाजूंना गहू-हरभऱ्याची हिरवी शेते, आणि गाव जवळ आले की टेकडीवरचा तांबड्या दगडाचा किल्ला. भोजराजाची ही नगरी. पण मराठी माणसाला येथे आणखीही काही आठवते. याच किल्ल्यात १७७५ साली आनंदीबाईंच्या पोटी दुसरा बाजीराव जन्मला. पुण्याच्या गादीवरचा हा शेवटचा पेशवा माळव्यात जन्मला आणि १८५१ साली गंगाकाठी ब्रह्मावर्तास वारला. माणूस कोठला म्हणायचा, हा प्रश्न काही आजचा नव्हे.

१७२८ साली अमझेऱ्याच्या लढाईने माळव्यात मराठ्यांचे पाऊल स्थिरावले आणि धार व देवास येथे पवारांची राज्ये उभी राहिली. हे पवार मूळचे माळव्याच्याच परमारांचे वंशज. पूर्वी दक्षिणेत गेले आणि तलवारीच्या बळावर पुन्हा आपल्याच नगरीत आले, अशी परंपरागत समजूत आहे. खरेखोटे इतिहासकारांनी ठरवावे. परतून येण्याची ओढ मात्र त्या कथेत आहे.

अक्काच्या सासरचे पूर्वज पवारांच्या दफ्तरात कारकुनीला आले. घरात एक शिसवी पेटी आहे. तिच्यात मोडी कागद आहेत, देशावरच्या एका गावातील जमिनीच्या हिश्शाचे. तो हिस्सा केव्हाच गेला, कागद राहिले. पगार माळव्याचा, पण हक्क, कुलदैवत आणि मुलांमुलींची स्थळे देशावरची, अशा कित्येक पिढ्या गेल्या. आजच्या भाषेत बोलायचे तर ते माळव्याचे कायम रहिवासी होते, नागरिक मात्र देशावरचे. मग कधी तरी, कोणत्याही कागदावर सही न करता, ते माळव्याचे होऊन गेले. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ साली मध्य प्रदेश झाला, १९६० साली महाराष्ट्र झाला. आम्हांला कोणी विचारले नाही आणि आम्हीही जागचे हललो नाही.

भाच्याला मात्र विचारले जात होते. संध्याकाळी ओसरीवर त्याने सारा हिशेब मांडला. ग्रीन कार्ड म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. कार्डाची मुदत दहा वर्षांची, ते पुन्हा करून घेता येते. पण त्यावर राष्ट्रीय निवडणुकीत मत देता येत नाही. आणि आधी परवानगी न घेता सलग वर्षभर बाहेर राहिले, तर वास्तव्यच सोडले असे धरले जाऊ शकते. परवानगी घेतली तरी ती फार तर दोन वर्षांची. आईवडिलांना कायमचे बोलावून घेण्याचा अधिकारही नागरिकालाच असतो.

आणि आपला कायदा? १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचा नागरिक होतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. दोन्ही ठेवता येत नाहीत. पासपोर्ट जमा करावा लागतो. त्याऐवजी २००६ पासून मिळू लागलेले 'ओसीआय' कार्ड घेता येते. नावात नागरिकत्व असले तरी तो आजन्म व्हिसा आहे. यावे, हवे तितके दिवस राहावे, घर घ्यावे. मत नाही, निवडणूक लढवणे नाही, शेतजमीन विकत घेणे नाही.

शेतजमिनीचा उल्लेख ऐकताच अक्का दचकली. गावाबाहेर तिची थोडी शेती आहे. भाच्याने समजूत घातली की, वारसाने आलेली शेती ठेवता येते, आणि विकत घेण्याची मनाई तर परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही आहेच.

"मग अडले कुठे?" मी विचारले.

"शपथेत अडले, मामा," तो म्हणाला. "आधीच्या देशाची निष्ठा सोडली, असे तोंडाने म्हणावे लागते."

अक्का काही बोलली नाही. "उद्या देवासला मातेच्या दर्शनाला जाऊ," एवढेच म्हणाली.

इंदूरवरून पुढे देवास गाठले. हे गाव मोठे विलक्षण. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंची येथे दोन राज्ये झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, राजे दोन. रस्त्याच्या एका बाजूला एकाचा अंमल, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव महाराज १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले. देवासची गादी त्यांच्या मुलाकडे, कृष्णाजीरावांकडे आली. दत्तकाचा नियमच असा आहे की, नव्या घराण्याचा हक्क मिळाला की जन्मघराण्याचा सुटतो. भाच्याची शपथ याहून वेगळी ती काय?

टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे घर आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा कानडी मुलुखातला माणूस १९४८ च्या जानेवारीत क्षयाने जर्जर होऊन कोरड्या हवेसाठी देवासला आला. अंथरुणावर पडून त्याने माळव्याची लोकगीते कानात साठवली, आणि बरा झाल्यावर तीच गाण्यात आणली. १९९२ साली देह ठेवला तोही येथेच. आला होता हवापालटाला.

पायऱ्या चढताना अक्का तीनदा बसली. वर तुळजाभवानी आणि चामुंडा यांची दर्शने झाली. उतरण्यापूर्वी कठड्याशी उभी राहून ती मुलाला म्हणाली,

"मला तिकडे नेता यावे म्हणून नागरिक होणार असशील, तर होऊ नकोस. मी धार सोडणार नाही. पण त्या परवान्यामुळे तुला घड्याळ बघत यावे लागते. माझे म्हातारपण वर्षात आटोपेल असे थोडेच आहे? नागरिक झालास तर तिकडचा संसार न मोडता इथे हवा तितका राहशील, असे तूच म्हणालास. मग त्यासाठी हो."

भाचा बराच वेळ खाली दोन राजवाड्यांच्या गावाकडे पाहत राहिला. माझ्याही मनात ही गोष्ट आली नव्हती. आपल्या ओळखीतल्या कित्येक घरांत हाच अर्ज टेबलावर पडून असेल. आपण त्याकडे जाण्याचा कागद म्हणून पाहतो आणि व्यथित होतो. अक्काने त्यात परत येण्याची वाट पाहिली. तरी खरे सांगायचे तर माझे मन पुरते निवलेले नाही. मतदार यादीतले एक नाव कमी होणार, याची रुखरुख आहेच.

परतीच्या वाटेवर अक्काने विचारले, "जुना पासपोर्ट ते लोक ठेवून घेतात का रे?"

"नाही. रद्द केल्याचा शिक्का मारून परत देतात."

"मग तो माझ्याकडे धाड. पेटीत त्या मोडी कागदांजवळ ठेवीन."